ग्रासमियरची वाटाड्यांची शर्यत



ज्यांचा इंग्रजी कवितेशी संबंध केवळ शाळेच्या क्रमिक पुस्तकापुरता आला, त्यांच्याही कानांवरून ग्रासमियर हे नाव एकदा तरी गेले असेल. वर्डस्वर्थ कवीने १७९९ च्या डिसेंबरात ज्या गावी बिऱ्हाड थाटले, जेथल्या एका लहानशा घरात त्याच्या उत्तमोत्तम कविता लिहिल्या गेल्या, आणि १८५० साली जेथील चर्चच्या आवारात त्याचा देह विसावला, तेच हे गाव. इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवर-प्रांतात, पूर्वीच्या वेस्टमोरलंड परगण्यात ते वसले आहे. गावाशेजारी त्याच नावाचे मैलभर लांबीचे तळे, तळ्याच्या चहूकडे डोंगर, डोंगरांवर मेंढ्या, आणि चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांच्या लांबच लांब रांगा. परंतु आज मी कवितेविषयी बोलणार नाही. ह्याच गावी दर उन्हाळ्यात डोंगरावर धावण्याची एक शर्यत होते. तिचा इतिहास कवितेइतकाच मनोरंजक आहे, आणि त्यात एका जुन्या अन्यायाचीही हकीकत आहे. ती सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

काही वर्षांमागे माझी कन्या व जावई नोकरीनिमित्त त्या बाजूस राहत असता मी त्यांच्याकडे दोन महिने काढले. उन्हाळा हा शब्द मी तिकडच्या पंचांगाप्रमाणे वापरला. आपल्या हिशेबी तो श्रावण-भाद्रपद होय, आणि अंगात लोकरीची बंडी नसती तर मी अंथरूणच धरले असते. एके दिवशी कन्या म्हणाली, “अण्णा, शाळेत मुलांच्या शर्यती तुम्हीच घेत होतात ना? मग उद्या ग्रासमियरला चला. तिथं मोठा मेळा असतो.” गेलो. पूर्वी हा मेळा ऑगस्टातील एका गुरुवारी भरे. अलीकडे तो महिनाअखेरच्या सुट्टीच्या रविवारी भरतो.

गावालगतचे हिरवेगार मैदान, मध्ये आखलेले रिंगण, भोवती माणसे, कुत्री, तंबू, चहाची दुकाने, असा सारा थाट पाहून मला आपल्याकडील जत्रेची आठवण झाली. रिंगणात कुस्त्या चालल्या होत्या. त्यांचा प्रकार निराळा. दोघे मल्ल एकमेकांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकतात, प्रतिपक्ष्याच्या पाठीमागे आपल्या दोन्ही हातांची कडी घालतात, आणि ती न सोडता त्यास जमिनीवर आणू पाहतात. कडी सुटली की कुस्ती गेली. पायांखेरीज अंगाचा कोणताही भाग भुईस लागला तरीही गेली. पोशाख म्हणाल तर पांढरी तंग तुमान आणि वर वेलबुट्टी काढलेली मखमली चड्डी! आमच्या कोल्हापूरच्या पैलवानांनी हे ध्यान पाहून खचित तोंडावर हात धरला असता. परंतु डाव पाहून ताबडतोब खालीही घेतला असता. शिकारी कुत्र्यांच्याही शर्यती असतात. बडीशेपेसारख्या वासाचे तेल आणि रॉकेल ह्यांत भिजवलेले फडके माणसे डोंगरातून कित्येक मैल फरफटत नेतात, आणि त्या वासामागे कुत्री सुटतात. मालक मंडळी शेवटच्या रेषेवर उभी राहून जो आरडाओरडा करतात, तो वर्णन करण्याची सोय नाही.

ह्या सर्वांत लोकांचा जीव गुंतलेला असतो तो डोंगराच्या शर्यतीत. तिकडच्या बोलीत डोंगरास ‘फेल’ म्हणतात. हा मूळ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा शब्द. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षेत जो होतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पूर्वी ही शर्यत गावाच्या पश्चिमेस सिल्व्हर हाउ ह्या डोंगरावर होत असे. पुढे ती पूर्वेकडील बटर क्रॅग नावाच्या सुळक्यावर नेली. अंतर थोडे आहे, जाऊन येऊन दीड-पावणेदोन मैल. परंतु तेवढ्यात नऊशे फुटांच्या आसपास उभा चढ. इशारा होताच धावणारे मैदानातून सुटतात, कुरणे ओलांडतात, गडगे पार करतात, आणि मग कमरेएवढ्या नेच्याच्या झाडोऱ्यात शिरतात. वर सुळक्यावर निशाण रोवलेले. त्यास वळसा घालून परत यावयाचे. वाट कोणती धरावी ह्याची सक्ती नाही. ज्याला जी सुचेल ती त्याची.

मौज अशी की मैदानात बसल्या जागेवरून शर्यत आरंभापासून शेवटपर्यंत दिसते. मॅरेथॉन शर्यतीत प्रेक्षकास घटकाभर माणूस दिसतो आणि नाहीसा होतो. येथे समोरचा डोंगर जणू शाळेतील फळ्याप्रमाणे उभा असतो, आणि त्याच्यावर रंगीत सदऱ्यांचे ठिपके हलत असतात. चढ इतका उभा की पुष्कळांस धावणे सोडून, गुडघ्यांवर तळवे दाबून, वाकून चालावे लागते. वर जाण्यास आठ-नऊ मिनिटे, आणि उतरण तीन-चार मिनिटांत! उतरताना माणूस धावत नाही, पडतो म्हणावे. पडता पडता प्रत्येक वेळी पाय खाली आणतो, इतकेच. अंग मागे टाकून पाय रोवू लागला की तो मागे पडलाच. माझ्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ मला म्हणाले की चढण छातीने जिंकता येते, उतरण मात्र जन्मतःच यावी लागते. त्यांचे बालपण त्याच डोंगरात मेंढ्यांमागे गेले होते, तेव्हा त्यांच्या शब्दास किंमत आहे.

उतरणीचा विषय निघाला आहे, म्हणून आपल्याकडील एका माणसाची आठवण येथे करणे भाग आहे. पुढे १९२२ साली एव्हरेस्टवरील मोहिमेचे नेतृत्व ज्याने केले, तो चार्ल्स ब्रूस त्या काळी हिंदुस्थानच्या फौजेत गुरख्यांच्या पलटणीवर अधिकारी होता. डोंगरउतारावर धावण्याच्या शर्यती त्याने आपल्या शिपायांत सुरू केल्या होत्या. १८९९ साली हरकबीर थापा नावाच्या शिपायास घेऊन तो स्कॉटलंडातील स्काय बेटावर गेला. तेथे ग्लामेग नावाचा अडीच हजार फुटांहून उंच, घसरत्या दगडधोंड्यांनी भरलेला डोंगर आहे. हरकबीर पायथ्याच्या खाणावळीपासून निघून शिखरास जाऊन परत आला. तेथल्या जमीनदारास ते खरे वाटेना. तेव्हा तो पुन्हा निघाला, आणि ह्या खेपेस ५५ मिनिटांत परतला, तोही अनवाणी. त्यात उतरण्यास १८ मिनिटे लागली. त्या डोंगरावर आता दर वर्षी शर्यत होते आणि हरकबीराचे नाव तेथे आदराने घेतले जाते.

आता ग्रासमियरच्या शर्यतीस ‘वाटाड्यांची शर्यत’ असे नाव का पडले ते पाहू. त्यासाठी पुन्हा वर्डस्वर्थाकडे जावे लागते. १८४४ साली केंडलपासून विंडरमियरपर्यंत आगगाडी नेण्याचा बेत निघाला. वर्डस्वर्थाने त्याविरुद्ध वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली, एक सुनीतही रचले. गिरण्यांच्या गावांतून माणसांचे लोंढे येतील आणि ह्या प्रदेशाची शांतता भंगेल, अशी त्यास धास्ती वाटली. त्याची धास्ती खरी झाली. १८४७ साली गाडी आली आणि माणसेही आली. मला स्वतःला मात्र ह्या प्रकरणी कवीचा पक्ष पटत नाही. आठवडाभर धुरात राबणाऱ्या माणसाने एक दिवस तळ्याकाठी येऊ नये, असे म्हणणे तळ्याकाठीच राहणाऱ्यास शोभत नाही. शिवाय ह्याच कवीने आपल्या प्रवासवर्णनपर पुस्तकात हा प्रदेश साऱ्या राष्ट्राच्या मालमत्तेसारखा मानावा असे लिहून ठेवले होते. १९५१ साली सरोवर-प्रांत राष्ट्रीय उद्यान ठरला तो ह्याच विचाराच्या परंपरेत.

असो. आलेल्या पाहुण्यांस डोंगर चढावयाचे असत, आणि धुक्यात वाट चुकून कड्यावरून जाण्याची भीती असे. तेव्हा गावोगावचे मेंढपाळ, खाणकामगार, शिकाररान राखणारे रखवालदार ह्यांनी वाटाड्याचा जोडधंदा धरला. १८५२ पासून ग्रासमियरास कुस्त्यांचा मेळा भरतच होता. १८६८ साली त्यात वाटाड्यांची डोंगरावरील शर्यत घालण्यात आली. चपळ वाटाड्या कोण, हे पाहुण्यांस आपोआप कळे, आणि जिंकणाऱ्यास काही पौंड मिळत. अशा रीतीने जी आगगाडी कवीस नकोशी वाटली, तिच्याच पोटी ही शर्यत जन्मली.

पौंड मिळत, हेच पुढे भोवले. १८८० साली ऑक्सफर्ड येथे इंग्लंडातील हौशी खेळाडूंची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. हौशी कोणास म्हणावे? तिच्या नियमानुसार, ज्याने पैशाच्या बक्षिसासाठी कधीही स्पर्धा केली नाही, धंदेवाल्याबरोबर वा त्याच्याविरुद्ध कोणत्याही बक्षिसासाठी जो कधी उतरला नाही, आणि व्यायामखेळ शिकवून ज्याने पोट भरले नाही, तो हौशी. हा तिसरा चरण ऐकून मी चपापलो. बत्तीस वर्षे मी शाळेत इतर विषयांबरोबर कवायतही शिकवली आणि तिचा पगार घेतला. म्हणजे मीही बाटलेलाच! ह्या संस्थेच्या आधीच्या क्लबाने तर कारागीर आणि मजूर ह्यांस हौशी मानण्याचेच नाकारले होते. १८८० मध्ये ते उघड कलम गळले, ही सुधारणा म्हणावयाची; परंतु बक्षिसाचा नियम राहिला, आणि त्याचा मार बहुतेक त्याच लोकांवर पडला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मेळ्यांत पैजा लागत, बुकी फळ्यावर खडूने भाव लिहीत, आणि जेथे पैज आहे तेथे मुद्दाम हरणारा माणूसही निपजतो. पैशाने खेळ नासतो ही भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु उपाय काय केला? ज्याने पैज लावून लबाडी केली त्यास दंड नव्हे, तर ज्याने उघड्या मैदानात जिंकून बक्षीस घेतले त्या प्रत्येकास हद्दपारी. विटाळही असा की त्याच्या शेजारी जो धावला तोही बाटला.

ह्याचा परिणाम डोळ्यांसमोर येण्यास दोन मेंढपाळांची उदाहरणे पुरेत. कॉल्डबेक गावचा बिल टीसडेल हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ग्रासमियरची शर्यत अकरा वेळा जिंकला. दुसरा वॉसडेल खोऱ्यातील जॉस नेलर. हा १९६० साली प्रथम शर्यतीत उतरला तो म्हणे कामाचे बूट आणि गुडघ्याशी कापलेली विजार घालून. १९७५ साली त्याने एका अहोरात्रीच्या आत, २३ तास २० मिनिटांत, ७२ शिखरे पालथी घातली. २०२४ साली तो वारला तेव्हा साऱ्या प्रांताने शोक केला. दोघांचे डोंगर तेच, मेंढ्या त्याच, पाऊस तोच. परंतु नेलर हौशी आणि टीसडेल धंदेवाला. एका शर्यतीत त्यांनी शेजारी शेजारी उभे राहणे म्हणजे नियमभंग!

धंदेवाल्यांचा पराक्रम पुस्तकांत कमी नोंदला गेला, आणि नोंदला तरी लोक त्यावर विश्वास ठेवीनात. केझिकजवळचा अर्नेस्ट डॅल्झेल १९१० साली यॉर्कशायरातील बर्नसॉल येथे डोंगरावर जाऊन १२ मिनिटे ५९.८ सेकंदांत परतला. घड्याळ चुकले असावे, असे म्हणणारे पुढे पुष्कळ निघाले. डॅल्झेल स्वतः उत्तर देण्यास उरला नव्हता. पहिल्या महायुद्धातून तो परत आलाच नाही. तब्बल ६७ वर्षांनी, १९७७ साली, फ्रेड रीव्ह्ज नावाच्या धंदेवाल्यानेच तो उच्चांक १२ सेकंदांनी मोडला, तेव्हा डॅल्झेलचे घड्याळ खरे असू शकते हे लोकांस पटू लागले. ह्याच रीव्ह्जने १९७८ साली ग्रासमियरची शर्यत १२ मिनिटे २१.६ सेकंदांत जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी टॉमी सेजविक. रीव्ह्ज चढणीत भारी, सेजविक उतरणीत. रीव्ह्जने वर जाईपर्यंत किती अंतर कमावले आणि खाली येईपर्यंत सेजविकने त्यातले किती खाल्ले, एवढ्यावर सारे मैदान श्वास रोखून बसे. त्या दिवसांविषयी बोलताना माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ अर्धवट उठून उभे राहिले, आणि त्यांच्या हातातील चहा माझ्या धोतरावर सांडला.

हे सारे ऐकत असता माझे मन मात्र दुसरीकडे गेले होते. मी नोकरीस लागून तीन-चार वर्षे झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्या वर्गात एक धनगराचा मुलगा होता. अभ्यासात बेताचा; पण गावाबाहेरच्या टेकडीवर देऊळ होते, त्याच्या पायऱ्या सोडून आडवाटेने तो शेळीसारखा वर जाई. जत्रेच्या दिवशी त्या टेकडीवर जाऊन येण्याची शर्यत असे. त्याने ती जिंकली आणि पंचांनी त्यास नारळ व एक्कावन रुपये दिले. त्या वर्षी मी त्याला शाळेतर्फे तालुक्याच्या स्पर्धेस नेले. तेथे कोणी तक्रार केली की हा मुलगा पैसे घेऊन धावलेला आहे. अधिकाऱ्यांनी एक पुस्तिका काढली, एक कलम वाचून दाखवले, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. त्या कलमाचा अर्थ तोच होता की नाही, हे मी विचारले नाही. नोकरी नवी होती, आणि वरिष्ठांशी वाद घालण्याची सवय नव्हती. मुलाने झाडाखाली बसून बरोबर आणलेली भाकरी खाल्ली आणि इतर मुलांच्या शर्यती पाहिल्या. परतताना एसटीत त्याने मला एवढेच विचारले, “गुरुजी, ते पैसं परत दिलं तर चालंल का?” मी त्यास काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही.

इंग्लंडात हा नियम मोडण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. डोंगरावर धावणाऱ्या हौशींची स्वतंत्र संस्था १९७० साली निघाली. भेद तरीही चालूच होता. थ्रेलकेल्ड गावचा केनी स्टुअर्ट, धंद्याने माळी, अंगाने अगदी हलका, पोरवयापासून मेळ्यांतल्या शर्यती जिंकत आलेला. १९८२ साली त्याचा अर्ज मान्य होऊन त्यास हौशींत परत घेण्यात आले. योगायोग असा की त्याच वर्षी जिम थॉर्प ह्या अमेरिकन इंडियन खेळाडूची १९१२ सालची ऑलिंपिक पदकेही मरणोत्तर परत देण्याचे ठरले. काही पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याबद्दल ती काढून घेतली होती.

स्टुअर्टला मोकळीक मिळताच काय झाले? १९८३, १९८४ व १९८५ अशी लागोपाठ तीन वर्षे तो ब्रिटनचा विजेता ठरला. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर. १९८४ साली त्याने तेथील शर्यत १ तास २५ मिनिटे ३४ सेकंदांत पुरी केली, आणि हा उच्चांक पस्तीस वर्षे उलटली तरी कोणास मोडता आला नाही. त्याच दिवशी त्याच शिखरावर पॉलीन हॉवर्थ हिने स्त्रियांचा उच्चांक केला. ती पुढे त्याची पत्नी झाली. तिचा १ तास ४३ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम २०१८ पर्यंत टिकला. स्त्रियांचीही ह्याच डोंगरावर एक कहाणी आहे. १९५५ साली कॅथलीन कॉनॉकी ही सोळा वर्षांची मुलगी तेथे धावू इच्छीत होती, पण अधिकाऱ्यांनी तिला पुरुषांबरोबर निघू दिले नाही. ती त्यांच्या मागाहून निघाली, आणि सुमारे तीन तासांत जाऊन आली.

१९९० नंतरच्या दशकात हौशी आणि धंदेवाले हा भेद डोंगरावरून एकदाचा गेला. आज ग्रासमियरास कोणीही धावावे. त्यामुळे डोंगर खचला नाही, की तळे आटले नाही. मात्र टीसडेलची ऐन उमेदीची वर्षे ह्या सुधारणेच्या पुष्कळ आधी संपली होती.

वेळ संपत आली. मेळ्यातील एक शेवटचा प्रसंग सांगतो. मोठ्यांच्या आधी लहान मुलांच्या शर्यती होतात. बारा वर्षांखालील मुलेही डोंगराच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन येतात. त्यांतील एक पोर पाय घसरून चिखलाने माखले होते, गुडघ्यातून रक्त येत होते, पण नंबरात आले होते. ध्वनिवर्धकावर नाव पुकारले गेले. रिंगणात जाऊन त्याने एका गृहस्थाच्या हातून पाकीट घेतले. आत काय होते ते मला दिसले नाही. ते पाकीट त्याने सदऱ्याच्या आत सारले, आणि आईला शोधीत आइस्क्रीमच्या गाडीकडे धावत सुटले.